पळणारे हे, सायकलवाली मी

आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला सायकल दिली. घड्याळ, रेडिओ किंवा सायकल, यांतलं काहीतरी द्यायची तेव्हा पद्धतच होती आणि वडिलांना सायकलीचं वेड. माझं माहेर दिंडोरीचं, सपाटीवरचं. आमच्या घरी मुली काय, मुलगे काय, चालायला लागले की सायकलीच्या मागे लागायचे. सासर मात्र पेठच्या डोंगरातलं. वऱ्हाडाच्या टेम्पोत माणसंच दाटीवाटीनं बसलेली, तिथं सायकल कुठं मावणार? ती माहेरीच राहिली. आठवड्याभरानं हे एकटेच एसटीनं दिंडोरीला गेले, सासुरवाडीत जेवले आणि दुपारी सायकल घेऊन निघाले. नाशिकला, पेठ रोडवरच्या आमच्या खोलीवर पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पँटला धूळ, पाय सुजलेले, एका नडगीवर चांगलंच खरचटलेलं.

"इतका उशीर?" मी विचारलं.

"समोरचा वारा होता," हे म्हणाले.

समोरचा वारा काय करतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी त्यांचे पाय शेकून दिले आणि विषय संपला.

पुढच्याच महिन्यात त्यांनी ती दांडीवाली सायकल दुकानात देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात लेडीज सायकल आणली. मला मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांमधल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. "माझी कचेरी हाकेच्या अंतरावर. सायकल तुलाच लागणार," हे म्हणाले. शेजारच्या बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. मलाही तसंच वाटलं, आणि मी बरीच वर्षं त्या आनंदात होते.

पळणं सुरू झालं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दिरांच्या मृत्यूनंतर.

ह्यांच्या घरातल्या पुरुषांनी पन्नाशी बघितलेली नव्हती. सासरे भाताचे भारे वाहताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. हे तेव्हा आश्रमशाळेत होते. मग थोरले दीर गेले. बाजार करून घाट चढत होते, छातीत कळ आली, पिशवी खाली ठेवली आणि संपलं. दोघेही काटक, दोघांनाही सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं, जन्मभर डोंगर चढ-उतार केलेले. दिरांच्या दहाव्याला सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात गडी पिकत नाय गं. हिरवाच गळतो." त्या रडल्या नाहीत. माझ्या अंगावर काटा आला, कारण आता घरात एकच गडी उरला होता आणि तो माझा नवरा होता.

नाशिकला परतल्यावर हे डॉक्टरांकडे गेले, मीही बरोबर होते. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, आज काही नाही, पण घरातला इतिहास चांगला नाही. तेल-तूप जपा आणि व्यायाम करा. पळा, पोहा, सायकल चालवा, काहीही करा, पण रोज करा. ह्यांनी त्यातला 'पळा' एवढाच शब्द घेतला. येताना वाटेतच कॅनव्हासचे बूट घेतले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून हे कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं पळायला लागले. त्याच रस्त्यानं साडेनवाला मी सायकलवरून शाळेत जायचे. कधी कधी धुळीत त्यांच्या बुटांचे ठसे दिसायचे, पुढच्या पंजावर जोर दिलेले. डोंगरातली माणसं टाच टेकत नाहीत. मी उगाचच त्या ठशांवरून चाक घालायचे नाही, बाजूनं जायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हसले असते.

आणि मग आमचं ते भांडण सुरू झालं. संध्याकाळी मी घरी आले की हे दारातच माझं मनगट धरायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

"बघ. एवढ्या लांबून आलीस आणि नाडी जागची हललेली नाही. ह्याला व्यायाम म्हणायचं?"

"म्हणजे माझं हृदय दणकट आहे."

"दणकट कसलं! बसून आलीस तू. बसलेल्या माणसाचा कधी व्यायाम होतो का? उतारावर तर पायसुद्धा हलवत नाहीस."

"आणि चढावर? चढावर मोजायला येत जा की."

सकाळी ते पळून आले की पाळी माझी. मी त्यांच्या मानेला दोन बोटं लावायचे. घामानं निथळलेली मान आणि आत धाडधाड चाललेलं असायचं. मला ते आवडायचंही आणि भीतीही वाटायची. सासूबाई पेठहून येऊन राहिल्या की त्यांच्यादेखत नवऱ्याला हात लावायची आमच्याकडे सोय नव्हती, पण नाडी बघायला कोणाची हरकत नव्हती. त्या नाडीच्या निमित्तानं आम्ही एकमेकांना किती वेळा हात लावला असेल!

भांडणात मी हरत नव्हते आणि ते मानत नव्हते. त्यांचं म्हणणं, पळताना सगळं अंग आपण वाहतो. हृदयाला कामचुकारपणा करायला जागाच मिळत नाही. थोडक्या वेळात पुरेपूर काम होतं. माझं म्हणणं, पळणं जोरात असेल, पण माणूस ते किती वर्षं करणार? सायकलवर दम हळू लागतो, म्हणून तासभर चालवता येते, सांधे शाबूत राहतात आणि वर शाळेतही पोचता येतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हृदयाला दोन्ही सारखंच, सायकलला थोडा वेळ जास्त द्या एवढंच. तिथून बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच हे म्हणाले, "डॉक्टर स्वतः मोटारीनं फिरतो. त्याला काय कळतंय." सायकलीबद्दल त्यांना एवढा तिटकारा का, हे मला कळायचं नाही. आमची मुलगी एका दुपारी सायकल शिकली, तेव्हाही हे कौतुक करायला बाहेर आले नाहीत. आत पेपर वाचत बसले.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. थंडी असो, पाऊस असो, पळणं चुकलं नाही. पन्नाशी जवळ येत होती. आम्ही दोघंही तो शब्द उच्चारत नव्हतो.

मग उजवा गुडघा गेला. आधी जिना उतरताना दुखायचा, मग सुजायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले, आतली गादी झिजली आहे, पळणं आता बंद. हे म्हणाले, "बंद म्हणजे किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "कायमचं." आणि त्यांनी चिठ्ठीवर औषधाखाली लिहिलं, सायकल.

त्यानंतरचे दोन महिने मी विसरणार नाही. हे पहाटे उठायचे, बूट घालायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. जेवताना, पेपर वाचताना, माझ्याशी बोलताना त्यांचा हात आपोआप मानेवर जायचा. बोटं नाडीवर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. आमचा तो एकमेकांत चालणारा खेळ आता त्यांचा एकट्याचा झाला होता. भित्रा माणूस नव्हता तो, पण घाबरला होता. मी रोज म्हणायचे, सायकल घ्या, माझी घ्या, शाळेला निघायच्या आत परत आणा. रोज काहीतरी कारण निघायचं. शेवटी मी चिडले.

"मरायचंय का तुम्हाला? सायकलवर बसायचा एवढा कसला कमीपणा?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल. आमच्या पाड्यावर नव्हतीच कोणाकडे. चालवायची कुठं, त्या दगडांत? शाळेत पोरं हसायची, म्हणून मग शिकायचंच राहिलं."

मला लग्नानंतरची ती संध्याकाळ आठवली. धूळ, सुजलेले पाय, खरचटलेली नडगी आणि समोरचा वारा. हा माणूस दिंडोरीपासून नाशिकपर्यंत सायकल हातात धरून चालत आला होता! आणि दांडीवाली देऊन लेडीज सायकल आणली त्याचंही खरं कारण तेव्हा कळलं. पळणं चांगलं की सायकल चांगली, हृदय काय म्हणतं नि डॉक्टर काय म्हणतो, ते इतक्या वर्षांचं सगळं भांडण त्या एका वाक्यावर येऊन बसलं. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. घराजवळ नको, कचेरीतलं कोणी बघेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यात सायकल लेडीज. म्हणून आम्ही पहाटे लांबच्या एका शाळेच्या मैदानावर जायचो. मी सायकल चालवत पुढे, हे मागून लंगडत. फाटकाशी एक चिंच होती, तिच्याभोवती सिमेंटचा कट्टा. कट्ट्यावर पाय ठेवून हे सीटवर बसायचे आणि मी मागून कॅरिअर धरून पळायचे. ज्या बाईनं जन्मभर पळण्याची चेष्टा केली ती आता रोज पहाटे पळत होती. हे मान न वळवता विचारायचे, "नाडी बघायची का तुझी?"

तोल त्यांना लवकर जमला. पण उतरणं काही केल्या जमेना. पळणाऱ्या माणसाचे पाय ते! सायकल थांबायच्या आतच ते चालत्या सायकलवरून उडी मारायचे आणि हँडल धरून तिच्याबरोबर पळत सुटायचे. दुखरा गुडघा आणखी सुजायचा. कट्ट्यावर पाय टेकून थांबावं म्हटलं तर कट्ट्याशी नेम लागायचा नाही. शेवटी आम्ही तोडगा काढला. त्यांनी फेऱ्या मारायच्या, मी मैदानाला चालत वळसा घालायचा आणि त्यांचं झालं की चिंचेखाली उभं राहायचं. ते माझ्यासमोर यायचे, म्हणायचे "धर", मी दोन्ही हातांनी हँडल धरायचे आणि मग ते उतरायचे. उतरणं नंतर शिकू, असं आम्ही म्हणत राहिलो. मला खरं सांगायचं तर ते "धर" ऐकायला आवडत होतं.

महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा चेहरा उजळला. मानेवरचा हात सुटला. एक दिवस येताना म्हणाले, "पळताना दम छातीत भरतो, सायकलवर आधी मांडीत भरतो आणि मग वर येतो. वेळ जास्त लागतो, पण येतो खरा." त्यांच्या तोंडून सायकलीला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र होतं. जिंकलेल्यानं गप्प बसावं.

पन्नाशीला थोडे महिने उरले असतील. त्या दिवशी त्यांना लवकर जाग आली, आणि मला झोपू देऊन ते सायकल हातात धरून एकटेच मैदानावर गेले. चढायला कट्टा होताच. मी नेहमीच्या वेळेला उठले, सायकल दिसली नाही, तशी पायात चपला सरकवून निघाले. फाटकातून आत शिरले तर हे सावकाश, अगदी सावकाश गोल फिरत होते. मला बघून त्यांनी हँडल वळवलं. जवळ आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता आणि घाम हनुवटीवरून गळत होता.

"धर," ते म्हणाले.

मी धरलं आणि ते माझ्या अंगावरच कलंडले.

शाळेच्या चौकीदारानं रिक्षा आणली. दवाखान्यात पोचलो, वेळेत पोचलो. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती फुगा घालून उघडली. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं व्यायाम केलात, त्यामुळे आजूबाजूच्या बारीक वाहिन्या वाढल्या असाव्यात. त्यांनीच निभावून नेलं. हे पडल्या पडल्या माझ्याकडे बघून पुटपुटले, "पळाल्यामुळं. ऐकलंस ना?"

"आणि सायकल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"सायकलही," डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन ह्यांना म्हणाले, "पण त्रास सुरू झाल्यावर लगेच थांबला का नाहीत? तसंच चालवत राहिलात, ते जिवावर बेतलं असतं."

हे म्हणाले, "ही आली नव्हती."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात तोंडाला पदर लावून रडले. छातीत कळ येत असताना माझा माणूस माझ्या हातांची वाट बघत गोल गोल फिरत होता.

त्यांना पुन्हा सायकलवर बसायची परवानगी मिळाली तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आता फेऱ्या नाहीत, आधी उतरायचं. ब्रेक हळू दाबा. सायकल पूर्ण थांबू द्या. डावीकडे झुका. डावा पाय टेका. मग उजवा काढा. मी वर्गातल्या पोरांना पाढे घोटून घेते तसं ते घोटून घेतलं. चिडायचे, म्हणायचे, तू आहेस ना धरायला. मी म्हणायचे, नाही, मी नाही. आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. हात पुढे यायचे, ते आवरायला मला फार जड जायचं. पण शिकले ते. एका सकाळी माझ्यापासून चार हातांवर नीट थांबले, डावा पाय टेकला, उतरले, स्टँड लावला आणि कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. मी शाबासकी दिली.

पन्नासाव्या वाढदिवसाला सासूबाई पेठहून आल्या, नागलीचं पीठ घेऊन. संध्याकाळी त्यांनी पाट मांडला, लेकाला बसवलं आणि ओवाळलं. "पाहिली रे बाबा पन्नाशी," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या वाटचीबी तूच पाहिली." आणि नवरा गेला, थोरला लेक गेला तेव्हा न रडलेली ती म्हातारी त्या दिवशी हुंदके देऊन रडली.

त्यानंतर काही वर्षं मिळाली. सुखाची होती. हे एकटेच मैदानावर जायचे, मी घरी डबा करायचे. तिथं माझं आता काही काम उरलं नव्हतं.

त्या सकाळी चौकीदार दारात आला तेव्हा कणीक मळत होते मी. तशीच गेले. हे चिंचेखाली कट्ट्यावर बसलेले होते, खोडाला पाठ टेकून. मी मानेला बोटं लावली. बराच वेळ लावून ठेवली. सायकल शेजारी उभी होती, स्टँडवर, कुलूप घातलेली.

"साहेब नीट थांबले, काकू," चौकीदार सांगत होता. "पाय टेकला, उतरले, स्टँड लावला, बसले. मला वाटलं, दम खात्यात. मला काय कळलंच नाय."

म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि त्यांनी माझी वाट बघितली नाही. मी सांगितलेलं सगळं त्यांनी एकेक करून केलं. ब्रेक, डावा पाय, मग उजवा. ते पडले नाहीत, कुठं लागलं नाही, याचं बरं वाटावं की वाईट, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. त्यांनी मला "धर" म्हणायला हवं होतं, एवढं मात्र मनापासून वाटतं.

तेराव्यानंतर त्यांच्या शर्टाच्या खिशात किल्ली सापडली. उतरत्या दुपारी मी मैदानावर गेले. सायकलवर चिंचेचा पाला पडला होता. कुलूप काढलं, पेडलवर पाय ठेवला. लहानपणापासून मी सायकल चालवलेली, आणि ही तर माझीच. पण मला बसवेना. मग मी हँडल धरलं आणि चालायला लागले.

सायकल हातात धरून चालणं सोपं नाही. ती अंगावर येते, हँडल वळत राहतं आणि पेडल सारखं नडगीला लागतं. दिंडोरीपासून हे असे आले होते, घरी नवी बायको वाट बघतेय म्हणून. मला अर्धा रस्ताही होईना. मी दोनदा थांबले.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. पुण्याहून आलेली मुलगी दारातच उभी होती.

"आई, इतका उशीर? सायकलवर आलीस ना?"

"समोरचा वारा होता," मी म्हणाले.